गॅस संपत नसतो, भो!

एप्रिल लागला, भुसावळकडे पारा 45 च्या दिशेने निघाला, की तेच तुणतुणं. गाडीचा एसी गार करेना आणि गॅरेजवाला म्हणतो, "गॅस संपला, भरून देतो." अरे, तो काय पेट्रोल आहे जळून संपायला? बंद नळ्यांत फिरतो तो. कमी झाला म्हणजे कुठूनतरी निघाला. लीक तसाच ठेवून गॅस भरणं म्हणजे फुटक्या माठात पाणी.

त्यात स्पोर्ट्स कार. नाक जमिनीला टेकलेलं, त्यामुळे हायवेची खडी थेट कंडेन्सरवर, म्हणजे गॅस थंड करणाऱ्या पुढच्या जाळीवर. इंजिन मागे असेल तर पाइप लांबलचक. आधी तेलकट, धूळ धरलेले डाग शोधा. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं, म्हणजे गॅस दाबणाऱ्या पंपाचं तेलही झिरपतं. सर्व्हिस व्हॉल्व्हवर, म्हणजे गॅस भरायच्या तोंडावर, साबणाचं पाणी टाका; बुडबुडे आले की लीक. बऱ्याचदा दोषी तिथली छोटी पिनच असते, आणि बदलला जातो कॉम्प्रेसर!

नळ्यांतली हवा ओढून काढायची आणि म्हणायचं, "व्हॅक्यूम धरला, लीक नाही", हे तर ऐकवतच नाही. व्हॅक्यूममध्ये आत-बाहेरच्या दाबाचा फरक जेमतेम 14 पीएसआयचा. चालू एसीत हाय साइडला, म्हणजे जास्त दाबाच्या बाजूला, 200 च्या वर. बारीक लीक कसा दिसणार? कोरडा नायट्रोजन 150 पीएसआयला भरा, अर्धा तास दाबाचा काटा बघा, उतरला की लीक. डॅशबोर्ड उचकटण्याआधी एसीचं पाणी गळणाऱ्या नळीशी गॅस डिटेक्टर धरा. गॅस हवेपेक्षा जड, डॅशबोर्डमागचा हवा गार करणारा इव्हॅपोरेटर फुटला असेल तर तिथेच उतरतो.

जोडातली रबरी कडी, म्हणजे ओ-रिंग, एसीचीच घ्या, तेल लावून बसवा. टेफ्लॉन टेप नळाला! आणि गॅस बॉनेटखालच्या स्टिकरवरच्या ग्रॅमइतकाच, वजन करून. अंदाजपंचे नाही.