रिस्पेरिडोन, थांबलेली पाळी आणि प्रोलॅक्टिन: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. माझ्या लेखावर तुमचे आक्षेप दोन आहेत. रिस्पेरिडोन (भ्रम-भास आवरणारी मानसिक आजाराची गोळी) चालू असताना पाळी थांबते ती ताणामुळे, औषधाला उगाच दोष दिला, हा एक. असं वाचून पेशंट गोळ्या सोडतील, हा दुसरा. दुसरा रास्त आहे. ‘गोळी परस्पर बंद करू नका, आजार उलटतो’ हे वाक्य लेखात फार खाली होतं, ते आता वर घेतलंय. पहिला मात्र पटत नाही.

ताणानं प्रोलॅक्टिन (दूध तयार करायला लावणारं हार्मोन) वाढतं, पण थोडंच. रिस्पेरिडोनवर ते मिलिलिटरमागे १०० नॅनोग्रॅमच्या पुढेही जातं. बाईचं नॉर्मल साधारण २५ पर्यंत. प्रोलॅक्टिन सोडते ती मेंदूच्या तळाची पिट्युटरी ग्रंथी. एरवी डोपामिन हे मेंदूतलं रसायन तिला आवरून धरतं. ही गोळी तिथले डी-२ रिसेप्टर (डोपामिन जिथे चिकटतं त्या जागा) अडवते आणि लगाम सुटतो. मग एलएच, एफएसएच ही बीजकोशाला चालवणारी हार्मोन्स दबतात, इस्ट्रोजेन घटतं, पाळी थांबते, कधी छातीतून दूध येतं. पुरुषांची लैंगिक इच्छा कमी होते, पण ते सांगत नाहीत. डॉक्टरांनीच विचारायला हवं. वर्षानुवर्षं हे चाललं तर हाडं विरळ होतात. अमिसल्प्राइड हे याच गटातलं औषध तर थोड्या डोसातही प्रोलॅक्टिन चढवतं, कारण ते मेंदूत कमी शिरतं, पण पिट्युटरी ब्लड-ब्रेन बॅरिअरच्या (औषधांना मेंदूत सहज शिरू न देणाऱ्या अडसराच्या) बाहेर आहे.

आधी प्रेग्नन्सी टेस्ट आणि टीएसएच (थायरॉइडची तपासणी) करा. प्रोलॅक्टिनचं रक्त उठल्याउठल्या देऊ नका. तास-दोन तासांनी, उपाशीपोटी, अर्धा तास शांत बसून द्या. आकडा किंचितच जास्त आला तर पुन्हा तपासा. २०० च्या वर गेला, किंवा डोकेदुखीबरोबर नजर अधू होत असेल, तर एमआरआय लागतो. आणि घरातली ॲसिडिटीची कॅप्सूल उलटी करून बघा. रॅबेप्राझोल या ॲसिडिटीच्या औषधाच्या जोडीला बारीक अक्षरात लेव्होसल्पिराइड किंवा डॉम्पेरिडोन असतं, तेही प्रोलॅक्टिन वाढवतं. पेशंट हे औषध म्हणून मोजतच नाहीत, त्यामुळे डॉक्टरांपर्यंत ते पोचत नाही.

उपाय सायकियाट्रिस्टनेच करायचा: डोस उतरवणं, क्वेटियापिनसारख्या, प्रोलॅक्टिन फारसं न वाढवणाऱ्या औषधावर हळूहळू नेणं, किंवा चालू गोळीत ५ मिलिग्रॅम ॲरिपिप्राझोल घालणं. अमिसल्प्राइडवर ही जोड तितकी चालत नाही. ॲरिपिप्राझोलनं काहींना एका जागी बसवत नाही. तसं झालं तर लगेच कळवा. प्रोलॅक्टिन उतरवणाऱ्या कॅबरगोलिनची घाई नको, त्यानं भ्रम उफाळू शकतात.

औषध बदललं की पाळी दिसायच्या आधीच बीज सुटू शकतं. मूल नको असेल तर गर्भनिरोधनाचं त्याच भेटीत ठरवा.