पाण्याचा गट उन्हाळ्यात नाही, पावसाळ्यात काढा

आमच्याकडं मराठवाड्यात एप्रिल उजाडला की गल्लोगल्ली लोक एकत्र येतात. घागर मोर्चा निघतो, निवेदन दिलं जातं, पेपरात फोटो येतो. मृगाचे चार पाऊस बरे झाले की सगळे आपापल्या कामाला लागतात आणि पुढच्या एप्रिलपर्यंत पाण्याचा विषय कोणी काढत नाही. मी हे लहानपणापासून बघत आलोय आणि आता मला त्याचा मनापासून राग येतो. म्हणून आज सविस्तर लिहितोय. गट काढायचा असेल तर आत्ता काढा, दारात चिखल असताना.

मे महिन्यात गट का टिकत नाही, याचं कारण माणसांच्या स्वभावात नाही, मे महिन्यातच आहे. त्या दिवसांत ज्याच्या बोअरला पाणी आहे तो एका बाजूला आणि ज्याचा बोअर आटला तो दुसऱ्या बाजूला. टँकर कोणाच्या दारात आधी उभा राहणार, पाइप कोणाच्या हौदात आधी पडणार, यावरून सख्खे शेजारी बोलायचे बंद होतात. अशा वेळी बैठक घेतली तर त्यात भांडणच होणार. शिवाय प्रशासनाच्या हातातही तेव्हा टँकरशिवाय काही उरलेलं नसतं. बाकी सगळं आधीच ठरून गेलेलं असतं. जिल्ह्याचा टंचाई कृती आराखडा तीन टप्प्यांत असतो: ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च, एप्रिल ते जून. नगरपालिकेचं अंदाजपत्रक हिवाळ्यातच आकाराला येतं. गावांचा विकास आराखडा 2 ऑक्टोबरच्या आसपासच्या ग्रामसभांपासून सुरू होतो. आपण मे महिन्यात हंडे घेऊन जातो तेव्हा या सगळ्या कागदांवर सह्या होऊन महिने उलटलेले असतात.

2016 ची आठवण लातूरकरांना वेगळी करून द्यायला नको. मार्चमध्ये पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लागली होती. एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, पहिल्या खेपेला 5 लाख लिटर. ती रेल्वे देशभर गाजली. पण त्याच उन्हाळ्यात दुसरंही काहीतरी झालं होतं, ते मात्र लोक विसरत चाललेत. लातूरच्या नागरिकांनी एकत्र येऊन, वर्गणी काढून, मांजरा नदीच्या पात्रातला गाळ उपसला. डॉक्टर, व्यापारी, शिक्षक, शेतकरी, ज्याला जेवढं जमलं तेवढं त्यानं दिलं. मला त्या कामाचा अभिमान आहे. पण मनात एक प्रश्न तेव्हापासून आहे: एवढी माणसं एकत्र यायला आपल्याला रेल्वे यावी लागते का?

आता आमच्या कॉलनीचं सांगतो. आम्ही तालुक्याच्या गावाबाहेर, नाल्याच्या अंगाला राहतो. गुंठेवारीचे प्लॉट. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: शेतजमिनीचे गुंठ्या-गुंठ्यानं तुकडे पाडून विकलेले, मंजूर लेआउट नसलेले प्लॉट. गावात येऊन राहायचं, पोरं शिकवायची, तर गरीब माणसाला परवडतं ते हेच. पण लेआउट मंजूर नाही म्हणून जलवाहिनी नाही, नाली नाही, रस्ता नाही. 2001 चा गुंठेवारी कायदा आहे. पुढं 2021 मध्ये दुरुस्ती होऊन 31 डिसेंबर 2020 पर्यंतची बांधकामंही नियमित करून घ्यायची सोय झाली. तरी आमच्याकडच्या कित्येक घरांनी अर्जच केलेला नव्हता, कारण एकट्या माणसाला त्या कागदांची भीती वाटते. मोजणी, नकाशा, शुल्क, दहा चकरा. दहा घरांनी मिळून फाइली तयार केल्या तेव्हा ती भीती बरीच कमी झाली. गटाचा पहिला खरा उपयोग मला तिथं दिसला.

दुसरा दिसला तो बोअर मोजताना. आमची जमीन काळ्या पाषाणाची. वर थोडा मुरूम, खाली कातळ, आणि पाणी फक्त भेगांमध्ये. त्यामुळं एकानं पाचशे फूट घेतला की शेजाऱ्याचा तीनशेचा आटतो, मग शेजारी सहाशे घेतो. कर्ज काढून ही शर्यत चालते आणि दोघंही कोरडे पडतात. गटातल्या कॉलेजच्या पोरांनी सुतळीला दर मीटरला गाठ मारली, टोकाला जड नट बांधला आणि ज्या-ज्या बोअरमध्ये सुतळी जाईल असा केसिंग उघडा होता तिथं पाणी मोजायला घेतलं. नट पाण्याला लागला की खालून डुबुक असा आवाज येतो, मग गाठी मोजायच्या आणि वहीत लिहायच्या. भूजल सर्वेक्षण यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजते, म्हणून आम्हीही तेच महिने धरले. त्यातून एक गोष्ट स्पष्ट झाली. नाल्याच्या कडेला पाणी मुरतं, म्हणून तिथले बोअर वरच्या बोअरांपेक्षा बरेच उशिरा आटतात. मग बोअर खोल घेण्यापेक्षा पावसाचं पाणी जमिनीत घालायला हवं, हे कोणाला पटवून सांगावं लागलं नाही. वही पुढं ठेवली की पुरे.

हिशोबही सोपा आहे. हजार चौरस फुटांचा स्लॅब आणि 700 मिलिमीटर पाऊस धरला, वाया जाणारं वजा केलं, तरी एका घरावरून वर्षाला साधारण 50 हजार लिटर पाणी मिळतं. म्हणजे पाच हजार लिटरचे दहा टँकर. आज ते नालीवाटे वाहून जातं आणि मेमध्ये तेवढंच पाणी आपण पैसे मोजून विकत घेतो. स्लॅबचा पाइप गाळणीच्या खड्ड्यात घ्यायचा, खड्ड्यात खालून मोठे दगड, वर खडी, वर वाळू, आणि ते पाणी बोअरभोवती मुरवायचं. हे काम जूनच्या आधी किंवा पावसाच्या उघडिपीतच होतं. मेमध्ये याचा विचार करायलाही कोणाकडं जीव नसतो.

जुलैमध्ये पहिली बैठक बोलावली तेव्हा एक मावशी म्हणाल्या, "पाऊस पडूलालाय की बाबा, आता कशाला बोलवूलालाव?" त्याच मावशी आता बैठकीला सगळ्यांच्या आधी येतात. बैठकीची वेळ आम्ही त्यांच्याच सांगण्यावरून बदलली. रात्री नऊची वेळ पुरुषांच्या सोयीची होती. आता दुपारी तीनला घेतो, नळाचा दिवस टाळून. पाणी भरायचं बायकांनी आणि त्यावर बोलायचं पुरुषांनी, ही पद्धत आधी मोडली पाहिजे. जलजीवन मिशनच्या गावपातळीवरच्या पाणी समितीत निम्म्या महिला असाव्यात असं सरकारचं धोरण आहे. कागदावरच्या सहीपुरत्या नकोत, बोलणाऱ्या हव्यात. आमच्या गल्लीतल्या भाभी रोज कॅलेंडरवर लिहून ठेवतात: खालच्या गल्लीच्या नळाला पाणी कधी आलं, किती वेळ आलं. एका कार्यालयात आम्हाला सांगितलं गेलं की तुमच्या भागाला पाणी चार दिवसांआड मिळतं. भाभींनी कॅलेंडरची पानं टेबलावर पसरली. दहा दिवस, नऊ दिवस, अकरा दिवस. साहेब बराच वेळ पानं उलटत राहिले आणि मग त्यांनी नळाला पाणी सोडणाऱ्या वॉलमनला बोलावून घेतलं. माझ्या भाषणानं हे कधीच झालं नसतं.

काही मित्र म्हणतात, कर आपण भरतो, मग खड्डे आपण का खोदायचे? प्रश्न रास्त आहे. उलट मला श्रमदानवाल्या उत्साहाचीच जास्त काळजी वाटते. खड्डे खोदून, फोटो काढून, मागणी करायचं सोडून दिलं तर जबाबदारीतून यंत्रणा सुटते. आपल्या स्लॅबचं पाणी मुरवणं आपलं काम, जलवाहिनी टाकणं नगरपालिकेचं. दोन्ही चालू राहिलं पाहिजे. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकारात टँकरच्या खेपांची नोंद मागता येते, आणि 30 दिवसांत उत्तर देणं त्यांना बंधनकारक आहे. एकट्यानं अर्ज केला की गल्लीत दबाव येतो. पाच घरांनी पाच अर्ज केले की दबाव कोणावर आणणार?

पैसा आणि पुढारी, या दोन ठिकाणी असे गट फुटतात. वर्गणीचा हिशोब वहीत, आणि वहीच्या पानाचा फोटो महिन्याच्या महिन्याला ग्रुपवर. फ्लेक्स नाही, मग फ्लेक्सवर कोणाचा फोटो मोठा हा प्रश्नही नाही. सगळ्या पक्षांची माणसं आमच्यात आहेत, निवडणुकीत त्यांनी ज्याचं त्याचं काम खुशाल करावं. नोंदणीची घाई करू नका. सात जण मिळून संस्था नोंदवता येते हे खरं, पण अध्यक्ष कोण, सचिव कोण यातच वर्ष जातं आणि बोअर मोजायचे राहून जातात.

आमचा अर्ज तयार आहे. टंचाई आराखड्यात आमच्या भागाचं नाव पहिल्याच टप्प्यापासून यावं म्हणून तो सप्टेंबरमध्येच तहसीलला द्यायचा आहे, सोबत मागच्या उन्हाळ्यातल्या बोअरच्या नोंदी आणि कॅलेंडरच्या पानांच्या झेरॉक्स. वरच्या गल्लीतल्या सह्या राहिल्यात. रविवारी दुपारी तीनला मारुतीच्या पारावर बैठक आहे, घरातल्या बायकांना घेऊन या. पाऊस असेल तर शेजारच्या मदरशाच्या पडवीत बसू, तिथं विचारून ठेवलंय. दुसऱ्या कॉलनीत कोणाला असं काही सुरू करायचं असेल तर कमेंटमध्ये लिहा, सुतळी आणि वही घेऊन पोरं यायला तयार आहेत.