‘ऑटोवर ठेवा आणि काढा’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

डिजिटल फोटोग्राफीच्या तोंडओळखीवर मी लिहिलेल्या लेखावर तुम्ही दोन आक्षेप घेतलेत. ‘आयएसओ वाढवला की सेन्सर प्रकाशाला जास्त संवेदनशील होतो’ हे माझं वाक्य चुकीचं आहे, हा पहिला. (सेन्सर म्हणजे कॅमेऱ्यातला प्रकाश टिपणारा भाग, आयएसओ म्हणजे फोटो किती उजळ करायचा याची सेटिंग.) आणि आजचे मोबाइल सगळं आपोआप करत असताना शटर (प्रकाश किती वेळ आत घ्यायचा) आणि ॲपर्चर (भिंगाचं छिद्र किती उघडायचं) शिकवून मी नवख्यांना घाबरवतो, त्यांनी सरळ ऑटोवर ठेवून फोटो काढावेत, हा दुसरा.

पहिला पूर्ण मान्य. सेन्सरची प्रकाश टिपण्याची ताकद आपण बटण फिरवून बदलत नाही. आयएसओ वाढवल्यावर आत आलेल्या प्रकाशापासून मिळालेला सिग्नल फक्त मोठा केला जातो. मुळात प्रकाशच कमी आला असेल, तर त्यातले दाणेही (फोटोतले रवाळ ठिपके) मोठे होऊन डोळ्यांवर येतात. ही चूक मला फार लागली, कारण तिच्याच भरवशावर मी ‘आयएसओ १०० वरच ठेवा’ असं सांगून बसलो होतो. संध्याकाळी चाळीतल्या खोलीत, ट्यूबलाइटखाली कोणी तो सल्ला पाळला, तर शटरचा वेग १/८ सेकंदापर्यंत उतरतो आणि आजीचा चेहरा हलतो. दाणे आलेला फोटो अल्बममध्ये लावता येतो, हललेल्या चेहऱ्याचं काही करता येत नाही. तो परिच्छेद आजच बदलला आहे : आधी शटर ठरवा, मग आयएसओ १६००, ३२००, लागेल तिथवर जाऊ द्या.

दुसऱ्याशी मात्र मी सहमत नाही. गेल्या श्रावणात भाचीला घेऊन सकाळी दादरच्या फूलबाजारात गेलो होतो. तिच्या हातात मोबाइल, ऑटोवरच. पांढऱ्या शेवंतीचा मोठा ढीग तिने फ्रेमभर घेतला आणि फोटो बघून म्हणाली, “मामा, फुलं शिळी दिसतायत.” फुलं तर नुकतीच टेम्पोतून उतरली होती! कॅमेऱ्यातला प्रकाश मोजणारा मीटर समोरचं सगळं सरासरीने मध्यम करडं आहे असं धरून चालतो, साधारण १८ टक्के प्रकाश परत फेकणारं. समोर नुसतं पांढरं आलं की त्याला वाटतं, प्रकाश फारच झाला, आणि तो फोटो काळवंडवतो. आताचे मोबाइल चेहरे आणि आकाश ओळखतात, तरीही असल्या ढिगापुढे पुष्कळदा फसतात. मी तिला स्क्रीनवर फुलांवर बोट टेकवून शेजारी येणारं सूर्याचं चिन्ह थोडं वर सरकवायला सांगितलं. शेवंती पांढरीशुभ्र झाली. कॅमेऱ्यात हेच एक्सपोजर कॉम्पेन्सेशन, +१ म्हणजे दुप्पट प्रकाश. जुलैत चर्चगेटबाहेर काळ्या छत्र्यांची गर्दी टिपाल, तेव्हा उलट करावं लागेल, नाहीतर छत्र्या राखाडी होतात.

ते फूल ताजं आहे हे भाचीला ठाऊक होतं, मोबाइलला ठाऊक असण्याची सोयच नाही. म्हणून मी शिकवतो.

शटरचंही तसंच. मरीन ड्राइव्हवर बेस्टची बस ताशी ३६ किलोमीटरने जाते असं धरा. सेकंदाला १० मीटर. १/५० सेकंदात ती २० सेंटिमीटर सरकते, म्हणजे पाटीवरचा नंबर पुसलाच. १/१००० ला सरकते जेमतेम १ सेंटिमीटर. आता १/३० ठेवून कॅमेरा बसबरोबर फिरवा. जमलं, तर बस बऱ्यापैकी स्पष्ट राहते आणि मागच्या इमारतींच्या रेघा होतात. (पहिले वीसेक फोटो वाया जातील, जाऊ द्या.) बस थिजलेली हवी की धावती, हे ऑटोने कोणाला विचारून ठरवायचं? रात्रीचा नाइट मोडही अनेक फ्रेम घेऊन एकत्र करतो. सीएसएमटीची इमारत त्यात सुंदर येते, समोरून चालणारी माणसं पुसट होऊ शकतात.

एक गोष्ट मात्र तुमच्या म्हणण्यातून मी घेतली. नवखा घाबरत असेल, तर माझा क्रम चुकला. शटर, ॲपर्चर, आयएसओ हे तिन्ही मी सुरुवातीलाच एकत्र मांडले. आता सूर्याचं चिन्ह आधी येईल, मग शटर. ॲपर्चर सगळ्यात शेवटी, कारण बहुतेक मोबाइलमध्ये ते बदलताच येत नाही. नवी मांडणी येत्या रविवारी टाकतो. तीही अशीच बारकाईने वाचा आणि चूक दिसली की लिहा.