अनुराधपूरच्या झाडाखाली आई रडली, आणि कँडीत मला प्रश्न पडला

आमच्या नागपूरच्या विहारातल्या बायकांसोबत आईला श्रीलंकेला नेऊन आणलं. आल्यापासून सगळे विचारतायत, कशी झाली धम्मयात्रा? एका वाक्यात सांगता येत नाही, म्हणून लिहितेय.

अनुराधपूरला पोहोचलो ती नेमकी पौर्णिमा. तिकडे दर पौर्णिमेला सरकारी सुट्टी असते, दारूची दुकानं बंद. पांढऱ्या कपड्यांतली म्हातारी माणसं अष्टशील, म्हणजे आठ नियमांचं व्रत घेऊन सकाळपासून बसलेली, दुपारी बारानंतर जेवण नाही. चपला बाहेर काढायच्या, टोपीसुद्धा. पाय भाजत होते, पण ढकलाढकली कुठेच नाही. आमच्यातली एक बुद्धमूर्तीकडे पाठ करून सेल्फी घ्यायला लागली, तर एका आजीने तिचे खांदे धरून हळूच तिला मूर्तीकडे वळवलं. रागावली नाही, नुसती हसली. तिकडे बुद्धाकडे पाठ करून फोटो काढत नाहीत, हे आम्हाला निघण्याआधी कुणी सांगितलंच नव्हतं.

सम्राट अशोकाच्या कन्या संघमित्रा थेरींनी इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात बोधगयेहून आणलेल्या फांदीचा हा बोधिवृक्ष. भोवती सोनेरी कठडा, म्हाताऱ्या फांद्यांना खालून टेकू. दीक्षाभूमीवरचा बोधिवृक्ष भदन्त आनंद कौसल्यायन यांनी इथूनच आणलेल्या फांद्यांचा. आईला हे सांगितलं, तर म्हणाली, "म्हणजे आपलं झाड याचं लेकरू गं." आणि रडायलाच लागली. शेजारच्या सिंहली आजीने त्रिसरण सुरू केलं, आईने सूर मिळवला. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पाली मात्र दोघींना तोंडपाठ.

मग कँडी. दंतधातूचं, म्हणजे बुद्धाच्या दाताचं मंदिर, आणि त्याच परिसरात विष्णूचं देवालय! बुद्धवंदना करून माणसं फळांचं ताट घेऊन तिकडे जात होती. आम्ही बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसं, विष्णूला देव मानणार नाही हे त्यातच आलं. आई बाहेर पायरीवर बसून राहिली.

त्याहून मोठा धक्का रविवारच्या पेपरात होता. लग्नाच्या जाहिरातीत चक्क 'गोविगम बौद्ध' मुलगी हवी. गोविगम ही तिथली वरची मानली जाणारी शेतकरी जात. बौद्ध, आणि वर जात! नंतर वाचलं, तर १७५३ च्या सियाम निकायात, म्हणजे तिथल्या एका भिक्खूसंघात, पुढे उपसंपदा (भिक्खूची पूर्ण दीक्षा) गोविगमांपुरतीच ठेवली गेली. मग सालागम जातीचे लोक उपसंपदेसाठी ब्रह्मदेशात गेले आणि १८०३ साली अमरपुर निकाय उभा राहिला. ज्या संघात शिरताना जात गळून पडावी, त्याच्या दारातच जात विचारली गेली. मला हे फार लागलं.

१९५० साली बाबासाहेब स्वतः बौद्ध परिषदेसाठी श्रीलंकेत गेले होते. सहा वर्षांनी नागपुरात त्यांनी दीक्षेसोबत बावीस प्रतिज्ञा का दिल्या, ते मला त्या पायरीवर आईशेजारी बसून कळलं. तिथली शांतता आपण नक्की शिकावी, दीक्षाभूमीवरच्या गर्दीत तिची फार गरज आहे. पण तिथला धम्म अस्सल आणि आपला नवखा, असं आता कुणी म्हणालं तर मी ऐकून घेणार नाही.

आमच्या विहारात श्रीलंकेचे भन्ते आले, की पंचांग प्रणाम करीन, भोजनदान देईन, आणि समोर बसून विचारीन, भन्तेजी, तुमच्या निकायात आमच्या पोराला उपसंपदा मिळेल का?

जय भीम, नमो बुद्धाय.