गरम पाण्याची धार बारीक झालीय? मग काहीही तपासू नका

नवा गिझर बसवला, मिस्त्री पैसे घेऊन गेला आणि आता गरम पाणी करंगळीएवढं येतंय ना, मग आधी त्यालाच फोन लावा. तो न बघताच सांगेल, "साहेब, वरूनच प्रेशर नाही." लगेच हो म्हणा. शेजारचा थंड पाण्याचा नळ त्याच टाकीवरून धो धो वाहतोय हा विषय काढू नका, उगाच माणसाचं मन दुखतं.

गिझरखालचा अँगल कॉक, म्हणजे पाणी चालू-बंद करायची छोटी तोटी, तर बघूच नका. जाताना मिस्त्री तो अर्धाच उघडून गेलाही असेल, पण कॉक फिरवायला एक पैसा लागत नाही आणि फुकटात सुटला तर तो प्रॉब्लेम कसला. कनेक्शन पाइप जागा नाही म्हणून मुरगळून कोंबलाय? राहू द्या, पाहुण्यांना कुठे दिसतोय. थंड पाणी आत जातं तिथल्या व्हॉल्व्हमध्ये टेफ्लॉन टेपचा तुकडा नाहीतर पाइप कापताना पडलेला सीपीव्हीसीचा, म्हणजे पाइपच्या प्लास्टिकचा, कीस अडकतो, काढायला फार वेळ लागत नाही, पण त्यासाठी मेन स्विच बंद करा, कॉक बंद करा, पाना शोधा, आणि आपला पाना नेहमीप्रमाणे भावोजींकडे. त्यापेक्षा कोणीतरी हुशार सांगेलच की हा व्हॉल्व्हच काढून टाका, काही होत नाही. काढा की. गच्चीवरची टाकी रिकामी झाली की गिझरमधलं पाणीही उलटं निघून जाईल, कॉइल कोरडीच तापेल आणि जास्तीचं प्रेशर बाहेर सोडणारी वाटही तो व्हॉल्व्हच असल्यामुळे बाथरूममध्ये थोडं थ्रिलही राहील.

गिझरवर '8 बार' लिहिलंय ते वाचून भांडायला जरूर जा. ते गिझर किती प्रेशर सोसतो त्याचं आहे, किती देतो त्याचं नाही, पण दुकानदाराला तरी कुठे माहितीय. प्रेशर येतं उंचीवरून, 10 मीटरला साधारण 1 बार, म्हणजे वरच्या मजल्यावर शॉवर आणि टाकी यांच्यात जेमतेम 10 फूट असतील तर 0.3 बारवर भागवायचंय. अशा ठिकाणी 8 इंची रेन शॉवर हवाच, कारण हॉटेलात बघितला होता. पाऊस पडेल, फक्त मराठवाड्यातला.

बोअरचं पाणी असेल तर शॉवरची भोकं क्षारांनी बुजलेली असतात, रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवली की मोकळी होतात. पण आपण इंजिनिअर माणसं, असले घरगुती उपाय शोभत नाहीत.

एवढं करून भागलं नाही तर प्रेशर पंप घ्या, गरम लाइनवर, सगळ्यात महागडा, ऑटोमॅटिकवाला. पाणी वाहायला लागलं की आपोआप सुरू होतो. मात्र सुरू व्हायला त्यालाही जरा बरी धार लागते आणि ती तर आपल्याकडे नाहीये, त्यामुळे तो भिंतीवर गप्प बसेल आणि तुम्ही सकाळी साबण लावून पंपवाल्याला फोन कराल. व्हिजिटचे पैसे वेगळे, बरं का.