आईचा अंगठा आणि नवा फोन

मागच्या दिवाळीत आईला तिचा पहिला टचस्क्रीन फोन घेतला. तेव्हापासून हे लिहायचं मनात आहे, कारण फोन निवडताना मी जे बघितलं ते सगळं चुकीचं होतं. आणि आपल्यापैकी बरेच जण आई-वडिलांसाठी फोन घेताना तेच बघतात.

आई त्रेसष्ट वर्षांची आहे. नाशिकजवळ मखमलाबादला आमची थोडी द्राक्षबाग आहे, बाजूला कांदा. इतकी वर्षं तिचं बटणाच्या फोनवर भागत होतं. पण पिकाच्या सरकारी नोंदीसाठी ई-पीक पाहणी आली, बांधावर उभं राहून पिकाचा फोटो काढायचा आणि तो आपणच अ‍ॅपमध्ये भरायचा. दर हंगामात शेजारच्या मुलाला हाक मारावी लागायची. आईने एकदाच सांगितलं, "माझ्या जमिनीची नोंद मला करता आली पाहिजे." फोन घ्यायचं कारण एवढंच.

मी ऑफिसमधून परस्पर एमजी रोडला गेले. बजेट 15 हजार. दुकानदाराने 50 मेगापिक्सेल दाखवले, अर्ध्या तासात बॅटरी किती भरते ते सांगितलं, आठ जीबी रॅम सांगितली. वरून जाड टेम्पर्ड काच लावून दिली, मागे कव्हर. मी पैसे दिले आणि निघाले. आईचा हात त्या फोनला एकदाही लागला नव्हता.

चौथ्या दिवशी तिचा जुन्या फोनवरून कॉल. "अगं, हे मला ओळखतच नाही."

रविवारी गेले. बागेत मणी विरळणी, म्हणजे घडातले जादा मणी कात्रीने काढणं, चालू होती. आई ओट्यावर बसली, फोन मांडीवर घेतला आणि हिरव्या चिन्हावर अंगठा टेकवला. काही नाही. जरा जोरात दाबला. काही नाही. मग अंगठा उलटा करून नखाने टोकलं, जुन्या बटणांची सवय. तरीही नाही. पुन्हा धरून दाबला तर चिन्ह थरथरलं, भलतीच यादी उघडली आणि बघता बघता चिन्ह स्क्रीनवरून नाहीसं झालं. तिने हात मागे घेतला आणि विचारलं, "बिघडवलं का गं मी?"

तिच्या अंगठ्याकडे मी तेव्हा पहिल्यांदा नीट बघितलं. कात्री धरून धरून पडलेला घट्टा, घडाच्या चिकाने काळी झालेली टोकं, मध्ये भेग. रेषा जवळपास पुसलेल्या. त्या हाताने आमचं शिक्षण केलंय, आणि 15 हजारांची वस्तू त्याला दाद देत नव्हती.

कारण साधं आहे, पण दुकानात कुणी सांगत नाही. सुरुवातीच्या टचफोनचे पडदे दाबाने चालायचे. दोन थर एकमेकांना टेकले की टच लागायचा, नख असो की काडी. आताच्या फोनमध्ये काचेखाली विजेची अदृश्य जाळी असते. बोट जवळ आलं की तिथला विजेचा भार किंचित बदलतो आणि तो बदल फोन वाचतो. त्वचेत ओलावा असेल तर हे नीट होतं. कोरडी, राठ, घट्टे पडलेली कातडी असेल तर इशारा क्षीण होतो, नखाचा तर जवळजवळ नसतोच. जोर लावून काही उपयोग नाही. हात ओले असतील तर उलटा त्रास, थेंबालाच फोन बोट समजतो. त्यात ती जाड काच मध्ये आली की आधीच कमी असलेला इशारा आणखी कमी. म्हणजे आईने काहीही बिघडवलं नव्हतं.

त्या दिवशी सगळ्यात आधी ती जाड काच काढून टाकली. मग सेटिंगमध्ये स्पर्शाची संवेदनशीलता वाढवायचा पर्याय सापडला. हातमोजे घालून वापरणाऱ्यांसाठी तो दिलेला असतो, सगळ्या फोनमध्ये नसतो. मग अ‍ॅक्सेसिबिलिटीमध्ये जाऊन 'टच अँड होल्ड'ची वेळ लांब केली, म्हणजे बोट जरा जास्त वेळ टेकलं तरी यादी उघडत नाही. आईच्या निम्म्या अडचणी या एकाच गोष्टीने गेल्या. खालून बोट सरकवून मागे जायची पद्धत बंद करून जुनी तीन बटणं आणली. अक्षरं मोठी केली, पहिल्या पानावर फक्त सहा चिन्हं ठेवली आणि मराठीत बोलून लिहायचा माइक दाखवला. बोटाच्या ठशाचं कुलूप चार वेळा नोंदवूनही लागेना, तेव्हा सरळ पिन ठेवला. तो तिचा तिनेच ठरवला आणि मलाही सांगितला नाही. बरोबरच केलं.

फोन निवडण्याबद्दल माझं आता ठाम मत आहे. ज्याच्यासाठी घ्यायचा त्याला दुकानात सोबत न्या. काउंटरवरचा डेमो फोन त्यांच्या हातात द्या आणि तुम्ही गप्प बसा. मग तोच फोन घेऊन दुपारच्या उन्हात रस्त्यावर या आणि अक्षरं दिसतात का ते बघा, कारण बागेत ट्यूबलाइट नसते. कडेला वळलेला स्क्रीन घेऊ नका, पकडतानाच तळवा लागतो आणि नको ते उघडतं. पाण्यापासून संरक्षणाचा आयपी68 लिहिलेला असला तरी ती चाचणी स्वच्छ पाण्यातली असते, फवारणीच्या औषधाची हमी त्यात नाही.

आणि सुरक्षा अपडेट, म्हणजे फोनमधल्या त्रुटी बुजवायला कंपनी पाठवते त्या दुरुस्त्या, किती वर्षं मिळणार, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका. गूगलने 2023 मध्ये पिक्सेल 8 ला 7 वर्षांचं आश्वासन दिलं, सॅमसंगने 2024 मध्ये एस24 ला तेवढंच आणि त्याच वर्षी स्वस्तातल्या ए16 5जी ला 6 वर्षांचं. म्हणजे कमी किमतीतही हे जमतं. आपल्याकडे फोन आईकडून नातवाकडे जातो, चार-पाच वर्षं सहज चालतो. त्यात बँकेचं अ‍ॅप असतं, आधारचे ओटीपी येतात. अपडेट थांबलेल्या फोनवर हे सगळं ठेवणं मला पटत नाही. 50 मेगापिक्सेलने आईच्या खात्याची राखण होत नाही. (सायबर फसवणुकीचा 1930 हा नंबर मी तिच्या फोनमध्ये सगळ्यात वर सेव्ह केलाय. तुम्हीही करा.)

"आता या वयात त्यांना काय जमणार" असं कुणी म्हटलं की मला खरंच राग येतो. छाटणीला वेलीच्या कुठल्या काडीवर किती डोळे (फुटवे येण्याच्या जागा) ठेवायचे हे जिला बघून कळतं, तिला सहा चिन्हं कळत नाहीत असं होत नाही. कंपन्यांनी मऊ बोटं डोळ्यांसमोर ठेवून फोन बनवला आणि आपण तो न तपासता घेऊन आलो. त्याची लाज तिला का वाटावी?

रब्बीची नोंद तिने स्वतः केली. मी बांधावर बाजूला उभी होते, हात मागे बांधून. तिने पदराने अंगठा पुसला, त्यावर हलकी फुंकर मारली (तोंडाच्या वाफेने बोट ओलसर होतं, हे तिने स्वतः शोधून काढलंय), गट नंबर निवडला आणि कांद्याचा फोटो काढला. पहिला हलला. दुसरा नीट आला. तो तिने मला पाठवला, खाली बोलून लिहिलेलं: "झालं बघ."

आता शेजारच्या मावशींनाही फोन घ्यायचाय. येत्या शनिवारी जातोय एमजी रोडला. मावशी सोबत आहेत, आईसुद्धा. कोणता फोन घ्यायचा ते दुकानात आईच सांगणार आहे.