गोचिडीला काडी लावण्याआधी

पोळा जवळ आला की आमच्या आर्वी भागात बैल नाल्यावर नेऊन घासून धुतात. गळ्याखालच्या पोळीतून, कानांतून, शेपटीच्या बुडातून गोचिडी वेचतात. याच दिवसांत व्हॉट्सॲपवर तो मेसेज फिरतो: "गोचीड माणसाला चिकटली तर ओढू नका, मुंडकं आत राहून विष होते. पेटत्या काडीचा चटका द्या, नाहीतर कापसाच्या बोळ्यावर पातळ साबण किंवा राकेल घेऊन वीस सेकंद दाबा, गोचीड आपोआप सुटते. मग चिरडून टाका. दोन दिवसांत ताप आला नाही तर काळजी नाही." यंदा गावच्या ग्रुपवर तो तीनदा आला, त्यात एकदा माझ्या काकानंच टाकला. काकाला तोंडावर काय बोलणार, म्हणून इथं लिहितो.

आधी काडी. माझ्या भाच्याच्या कानामागे गोचीड सापडली तेव्हा घरच्यांनी हाच उपाय केला. लेकराच्या कातडीवर फोड आला आणि गोचीड जागची हलली नाही. हे आमच्याच घरी झालं असंही नाही. 1985 साली अमेरिकेत ग्लेन नीडहॅम या संशोधकानं हे उपाय गोचिडींवर करून पाहिले होते. व्हॅसलीनसारखी पेट्रोलियम जेली, नेलपॉलिश, स्पिरिट आणि पेटवलेली काडी, यांतल्या एकानंही गोचीड सुटली नाही.

का सुटत नाही, हे तिचं तोंड कसं असतं ते कळलं की समजतं. तिच्या सोंडेवर उलट्या दिशेचे बारीक काटे असतात. गवताचं कुसळ धोतरात शिरलं की मागे येत नाही, तसंच हे. बऱ्याच जाती त्यावर डिंकासारखा पदार्थ सोडतात, तो तिथंच घट्ट होतो. तिच्या लाळेनं जागा बधिर होते, म्हणून चावलेलं कळतही नाही. इतकी रुतलेली गोचीड चटका बसला म्हणून लगेच कशी निघेल?

साबण-राकेलाचंही तेच. कापसाच्या बोळ्याची विदर्भात ददात नाही, पण गुदमरवून ती वीस सेकंदांत सुटेल हे खरं नाही. गोचीड तासाला मोजकेच श्वास घेते, त्यामुळे गुदमरायला तिला बराच वेळ लागतो. तोवर ती चिकटलेलीच राहते, आणि डिवचल्यावर पोटातलं जखमेत ओकण्याची भीती वेगळीच. ढोरांवर फवारायचं गोचिडीचं औषध तर माणसाच्या अंगाला अजिबात लावू नका. ते कीटकनाशक आहे. मेसेजमध्ये ते नाही, पण गोठ्यात बाटली हाताशी असते म्हणून सांगतो.

आता "ओढू नका". उलट, ओढूनच काढायची असते, फक्त कशी ओढायची ते महत्त्वाचं. भुवया कोरायचा बारीक टोकाचा चिमटा घ्या. गोचिडीचं फुगलेलं पोट धरू नका, कातडीला टेकवून तोंडाजवळ पकडा. झटका न देता, न पिळता, सरळ वर एकसारखं ओढत राहा. कातडी थोडी वर उचलली जाते, मग ती सुटते. चिमटा नसला तर दोऱ्याचा फास कातडीलगत आवळून तसंच ओढा. नंतर जागा आणि हात साबणानं धुवा, स्पिरिट किंवा आयोडीन लावा.

मुंडकं राहिलंच तर? मुळात आत राहतो तो सोंडेचा तुकडा, मुंडकं नव्हे. तो आत वाढत नाही. चिमट्यात आला तर काढा, नाही आला तर सोडून द्या. कातडी त्याला हळूहळू बाहेर ढकलते. सुईनं कोरत बसलात तर जखम पिकते.

मला सगळ्यात जास्त राग येतो तो "चिरडून टाका" याचा. आमच्याकडे पोरं नखावर गोचीड फोडतात, रक्ताची पिचकारी उडाली की हसतात. मीही फोडल्या आहेत. पण क्रायमियन-काँगो ताप या गोचिडीतून येणाऱ्या जीवघेण्या रोगाचा विषाणू चाव्यातून जसा येतो, तसाच उघड्या हातानं गोचीड चिरडल्यानंही येऊ शकतो. भारतात हा ताप पहिल्यांदा 2011 च्या जानेवारीत गुजरातेत, अहमदाबाद जिल्ह्यात, निश्चित झाला. रुग्णासोबत उपचार करणारे डॉक्टर आणि नर्सही गेले. ज्या ढोराच्या अंगात हा विषाणू असतो ते ढोर आजारी दिसतही नाही. काढलेली गोचीड स्पिरिटात टाका किंवा चिकटपट्टीत गुंडाळा. बैलाच्या गोचिडी वेचताना हातमोजे घाला, निदान प्लास्टिकची पिशवी तरी हातावर चढवा.

राहिले ते दोन दिवस. गोचिडीमुळे येणाऱ्या टायफसचा ताप आठवड्यानं, कधी दोन आठवड्यांनीही येतो. तीन आठवडे लक्ष ठेवा. ताप, जोराची डोकेदुखी, तळहात-तळपायांवर पुरळ, यातलं काही दिसलं तर दवाखान्यात जा आणि गोचीड चावली होती हे आपणहून सांगा, कारण डॉक्टर ते विचारतीलच असं नाही. वेळेत कळलं तर डॉक्सिसायक्लिनसारखं साधं औषध काम करतं. मात्र ते मेडिकलमधून स्वतःच आणून आधीच खाऊ नका.

अंगावर गोचीड दिसलीच नाही, पण न दुखणारी काळी खपली आहे आणि ताप आहे, तरी थांबू नका. ते बहुधा स्क्रब टायफसचं लक्षण असतं. 2018 च्या पावसाळ्यात नागपूर भागात त्याचे बरेच रुग्ण निघाले होते. तो गोचिडीमुळे होत नाही, गवतातल्या माइट नावाच्या बारीक जिवाच्या, डोळ्याला न दिसणाऱ्या पिल्लांमुळे होतो. वावरातून आल्यावर काखा, जांघा, कमरेचा पट्टा आणि कानांमागं बघून घ्या. लेकरांचं तर रोज बघा.

खांदशेकणीच्या दिवशी काका बैलांचे खांदे शेकायला बसेल, तेव्हा चिमटा मी त्याच्या खिशात ठेवणार आहे.